मातीचा बैल, शाळूची गाडी

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे काढला, तर त्यात मनगटाचं एकही हाड दिसत नाही. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळाच्या मनगटात ती सगळी मऊ कूर्चेच्या रूपात असतात आणि कूर्चा एक्स-रेमध्ये उमटत नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरतात. तीन-चार वर्षांच्या मुलात तीन-चार दिसायला लागतात, सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत सात होतात आणि शेवटचं आठवं हाड यायला आठ ते बारा वर्षं लागतात. तिसऱ्या वर्षी ज्या मुलाच्या हातात आपण पेन्सिल आणि दुरेघी वही देतो, त्याचं मनगट अजून निम्मंसुद्धा घडलेलं नसतं. तीन वर्षांचं मूल साधारणपणे गोल काढू शकतं, चार वर्षांचं अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, आणि त्रिकोण जमायला पाचवं वर्ष उजाडतं. तिरकी रेघ हाताला सर्वांत उशिरा येते. अक्षरांत तर तिरक्या रेघा आणि गाठी भरलेल्या असतात.

मग या वयाच्या हाताला काम कोणतं द्यायचं? मळणं, दाबणं, फाडणं, गुंडाळणं, ओवणं, चिकटवणं. जर्मनीतल्या फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी केंद्र सुरू केलं आणि पुढे त्यालाच बालोद्यान हे नाव दिलं. त्याच्या शिक्षणक्रमात माती, कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांची विणकाम-चटई होती. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर जी बालवाडी चालवली, तिच्यात विकतची साधनं परवडणार नव्हती. म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. परदेशी महागड्या साधनांशिवाय उत्तम बालशिक्षण होतं, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर दाखवून दिलं.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात मात्र हे शिक्षण बालवाडीच्या आधीपासून चालत आलेलं आहे. इथे ते सणांनी दिलं. ज्येष्ठात पाऊस सुरू होतो आणि पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, येतो. त्याच महिन्याच्या अमावास्येला कन्नड घरांत मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या असते. आषाढात पलीकडच्या कोल्हापूर भागातला महाराष्ट्रीय बेंदूर येतो. निपाणीचं पोर सीमेवर राहत असल्यामुळे त्याला दोन्ही बेंदरांचे बैल मिळतात. पुढे नागपंचमीचा नाग, गणपती, हादग्याच्या माळा, नवरात्रातल्या कडाकण्या आणि शेवटी दिवाळीचा किल्ला. पाच महिने सतत काहीतरी हाताने घडवायचं असतं. इतका सलग आणि इतका स्वस्त हस्तकलेचा अभ्यासक्रम कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

यात मला सर्वांत श्रीमंत वाटते ती माती. तिच्यावर जरा जास्त वेळ थांबू.

बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-चंदगडच्या बाजूला जमीन तांबडी. पूर्वेला आणि निपाणी-चिकोडीकडे गेलं की काळी रानं लागतात. काळ्या मातीत अत्यंत बारीक पापुद्र्यांचं खनिज असतं, त्याचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. वाळताना तेच पाणी निघून जातं आणि माती आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. मुलाने नुसत्या काळ्या मातीचा बैल केला तर ओला असताना तो देखणा दिसतो, पण दुसऱ्या दिवशी त्याचं वशिंड चिरतं आणि पाय गळतात. तांबड्या मातीतलं खनिज पाणी इतकं शोषत नाही, त्यामुळे ती कमी तडकते. पण तिला चिकटपणा कमी, शिंगं ओढायला गेलं की तुटतात. उपाय सोपा आहे. दोन्ही मिसळा. ज्यांच्याकडे फक्त काळी आहे त्यांनी थोडी बारीक वाळू आणि पिंजलेला कापूस घालावा. खानापूरकडे भाताचं तूस मुबलक असतं, तेही चालतं. कापसाचे धागे आणि तूस मातीला आतून धरून ठेवतात, भेग पुढे सरकू देत नाहीत. खानापूरची माती कौलं आणि मडक्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. त्या बाजूला कुणी नातेवाईक असतील तर पिशवीभर माती मागून घ्यावी.

माती आणली की आधी वाळवून, फोडून, चाळणीने चाळायची. काच, तार, काटे निघून जायला हवेत. रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी मोठ्यांनी एकदा चांगली तुडवून द्यायची. भाकरीच्या पिठाइतकी मऊ झाली, बोटाला लागली तरी बोट स्वच्छ निघालं, की ती तयार. ओली माती फडक्यात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर पुरते.

आता मुलाला काय सांगायचं? दोन वर्षांच्या मुलाला काहीच नाही. त्याला गोळा द्या, तो दाबेल, बोट खुपसेल, आपटेल. एवढंच त्याचं काम आहे आणि ते पुरेसं आहे. तीन वर्षांचं मूल दोन्ही तळव्यांत माती घोळवून लांब वळी करतं. तिचा वेटोळा घातला की नागोबा झाला. तळव्यांत गोल गोळी वळणं त्याहून अवघड, कारण त्यात दोन्ही हात गोल फिरवावे लागतात. ते चौथ्या वर्षाच्या आसपास जमतं. बैल पाचव्या वर्षी.

बैल करताना बहुतेक मुलं चार पाय वेगळे वळून पोटाला चिकटवतात आणि वाळल्यावर ते पडतात. वेगवेगळे वाळलेले तुकडे वेगवेगळे आकसतात आणि जोड सुटतो. जुनी माणसं एकाच गोळ्यातून बैल काढतात. आधी लंबगोल लादी करायची, खालून चिमटीने चार पाय ओढायचे, वरून वशिंड ओढायचं, पुढून मान आणि तोंड. शिंगांपुरते तुकडे जोडायचे. जोडायच्या जागी काडीने ओरखडे काढायचे आणि पातळ चिखल लावून दाबायचं, म्हणजे ते धरतात. तयार बैल उन्हात ठेवायचा नाही. उन्हात बाहेरची माती आधी वाळून आकसते, आतली ओलीच राहते आणि ताण पडून चीर जाते. सावलीत, वारं थेट लागणार नाही अशा जागी दोन-तीन दिवस ठेवावा. रंगाला घरातला गेरू, चुन्याची निवळी, काजळी, हळद पुरते. मात्र चुना डोळ्यांत गेला तर फार इजा करतो, म्हणून तो मोठ्यांनीच लावावा. जुन्या साडीच्या काठाची झूल आणि शिंगांना बेगड लावली की झालं.

मुलाचा बैल कुत्र्यासारखा दिसेल. दिसू द्या. त्याच्या शेजारी कुंभाराकडून आणलेला सुबक बैल ठेवून 'असा कर' म्हटलं की पोर पुढच्या वर्षी मातीला हात लावत नाही. पूजेच्या पाटावर दोन्ही बैल शेजारी मांडावेत. कुंभाराचा बैल घेणंही थांबवू नये. त्याचं पोट त्यावर आहे आणि मूलही त्या बैलाकडे बघूनच शिकतं.

आषाढातल्या मंगळवारी इथल्या कन्नड घरांत मुली गुळ्ळव्वा नावाची मातीची मूर्ती मांडतात. तिला लाल-काळ्या गुंजांनी सजवायची पद्धत आहे. गुंज दिसते फार सुंदर, पण तिच्यात ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. अख्खी गुंज गिळली तर तिचं कठीण कवच बहुधा न फुटता बाहेर पडतं. चावली, फुटली किंवा ओवण्यासाठी सुईने भोक पाडलेली असली तर एका बीनेही लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे तिथे गुंजांच्या जागी चिंचोके किंवा लाल रंगवलेल्या मातीच्या गोळ्या लावाव्यात. एरंडाच्या बिया, धोतरा आणि कण्हेर यांनाही मुलांच्या कामात जागा नाही. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती चिंचोका, मणी, मोठं बटण असं घशात अडकू शकणारं काहीच देऊ नये. मोठं भावंड माळ ओवत असताना धाकट्यावर नजर हवी.

माती पावसाळ्याची, तशी शाळूची धाटं उन्हाळ्याची. माघ-फाल्गुनात शाळू काढला की कडब्याच्या पेंढ्या रचल्या जातात आणि या भागातल्या जुन्या पिढीला त्यातून बैलगाडी करता येते. धाटाचे दोन भाग असतात. बाहेरची साल चिवट आणि ताठ, आतलं भेंड हलकं. भेंडाच्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून ते दाबलं जातं आणि टोचलेली काडी घट्ट धरून ठेवतं. साल हाच खिळा आणि भेंड हेच लाकूड. जाड धाटाच्या भेंडाच्या दोन चकत्या केल्या की चाकं, त्यांतून सालीची काडी आरपार नेली की आस, दोन लांब काड्यांची साटी, पुढे जू आणि भेंडाचेच दोन बैल. हातोडी नको, डिंक नको. सालीच्या दोन कड्या वाकवून भेंडाच्या तुकड्यांत खोवल्या की चष्माही होतो आणि तो नाकावर बसतो. काळजी एकच: सालीची कड पात्यासारखी कापते. साल मोठ्यांनी सोलून, कडा बोथट करून द्यावी. खोचायचं काम मुलाचं.

गेल्या काही दशकांत निपाणी-चिकोडी भागात उसाने बरीच रानं घेतली आणि शहरातल्या मुलाला शाळूचं धाट दिसेनासं झालं. उसाचं चिपाड त्या जागी चालत नाही, ते ठिसूळ आणि चिकट. पण मक्याची कणसं सगळीकडे मिळतात. कणसाची आतली मऊ सोलपटं पाण्यात भिजवून दोऱ्याने बांधली की बाहुली होते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांची ही फार जुनी बाहुली आहे. इथे ती पावसात भाजक्या कणसाच्या गाड्याशेजारी फुकट पडलेली असते.

निपाणीबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. या गावात लहान हातांना काम लावण्याचा दुसराही इतिहास आहे. तंबाखूच्या वखारी आणि घरोघरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया ही निपाणीची ओळख. देशभर विडीच्या धंद्यात आईचा आकडा भरून द्यायला मुलांनी पानं कापली, दोरे बांधले. बालकामगारविषयक 1986 च्या कायद्याने मुलांना ज्या कामांत लावायची बंदी केली, त्यांत विडी वळणं होतं. निपाणीच्या तंबाखूत राबणाऱ्या बायांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी तळमळीने लिहिलं. त्याच अवचटांना कागदाच्या घड्यांचं वेड होतं. 'मजेदार ओरिगामी' हे पुस्तक त्यांनी लिहिलं आणि भेटेल त्या मुलाला चौकोनी कागदातून पक्षी करून दिला. मला या दोन गोष्टी एकाच माणसात असणं फार महत्त्वाचं वाटतं. हाताचं काम आकड्यासाठी असलं की मुलाला पिळतं आणि आकडा नसला की फुलवतं, हे त्यांना जवळून दिसलं होतं. म्हणून मुलांच्या हस्तकलेत 'किती केलेस' हा प्रश्न विचारू नये, आणि ज्यांच्या घरात अजून विडी वळली जाते त्यांनी मुलांची जागा आणि साहित्य तंबाखूपासून लांब ठेवावं. निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. ओल्या पानांत काम करणाऱ्यांना त्याने मळमळ, चक्कर येते. तंबाखूची पोती, खोकी मुलांना खेळायला देऊ नयेत.

घरातलं स्वयंपाकघर मात्र निर्धोक कार्यशाळा आहे. नवरात्रात घटावर बांधायच्या कडाकण्या करताना वेणी, फणी, करंडा असे आकार करतात. त्या पिठातली एक लाटी मुलाला दिली की त्याला माती आणि कणीक यांतला फरक बोटांनी कळतो. तळण्याच्या वेळी त्याला लांब बसवावं. इंग्रजी पुस्तकांतून मिठाची कणीक सुचवली जाते, दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ. तिच्या वस्तू टिकतात खऱ्या, पण लहान मूल ती खाऊन बसलं तर एवढं मीठ अपायकारक आहे. त्यापेक्षा आपली कडाकणी बरी.

हळदीचा एक खेळ प्रत्येक घरात व्हावा असा आहे. दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फडक्याने पुसायची आणि कागद वाळवायचा. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून मुलाने त्या पिवळ्या कागदावर चित्र काढलं की रेघ तांबडी उमटते. हळदीतलं कुर्क्युमिन आम्लात पिवळंच राहतं आणि अल्कलीत तांबडं होतं. साबण अल्कली आहे. पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात ते याच गुणावर. त्या तांबड्या रेघेवर लिंबू पिळलं की ती पुन्हा पिवळी होते. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात भिजवली तर निळं पाणी मिळतं आणि त्यात लिंबाचे थेंब टाकले की ते जांभळं-गुलाबी होतं. पारिजातकाच्या देठांचा केशरी, बीटाचा राणी रंग. हे रंग कागदावर फार दिवस टिकत नाहीत, उन्हाने उडतात. मुलांना त्याचं दुःख नसतं.

चिकटवायला खळ घरीच करावी. एक मोठा चमचा मैदा किंवा कणीक थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून, वाटीभर पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. उष्णतेने पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि खळ चकचकीत होते. पोस्टर चिकटवणारे आणि बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालत, म्हणजे बुरशी येत नाही. मुलांच्या खळीत मोरचूद घालू नका, ते विषारी आहे. रोज थोडी ताजी करा. याच खळीने आकाशकंदिलाला जिलेटिनचा कागद लागतो. कामट्यांचा सांगाडा थोरल्यांनी बांधावा आणि तीन वर्षांच्या मुलाला कागद फाडायला आणि चिकटवायला द्यावा. फाडणं हे कापण्याच्या आधीचं शिक्षण आहे. कात्रीने नुसते छोटे काप घेणं तिसऱ्या वर्षी जमतं, रेघेवरून कापायला आणखी दीड-दोन वर्षं लागतात.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं काम अरविंद गुप्तांचं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, घन, घरं उभी केली आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या विज्ञान केंद्रात हजारो मुलांना ती शिकवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची खेळणी बहुतेक सहा-सात वर्षांपुढच्या मुलांची. त्याआधी माती, पीठ, कागद आणि चिंध्या. वाकळ शिवताना उरलेल्या चिंध्यांची गाठोडी वळून बाहुली होते, तिला नाकडोळे कोळशाने काढले तरी चालतात.

आणि आता किल्ला. दिवाळीत बेळगाव शहरात गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात आणि लोक संध्याकाळी घरच्यांना घेऊन ते बघत हिंडतात. विटा-दगड रचून त्यावर तांबड्या चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, बुरूज थापायचे, पायऱ्या कोरायच्या, आणि वर अळीव पेरायचे. अळिवाच्या बीभोवती भिजल्यावर चिकट आवरण येतं, ते पाणी धरून ठेवतं आणि उतारावरून बी घसरत नाही. दोन-तीन दिवसांत हिरवळ दिसते. हे सगळं पाच वर्षांच्या मुलाला कळतं आणि करताही येतं. त्याआधी त्याला एक खरा किल्ला दाखवावा. येळ्ळूरचा राजहंसगड शहराच्या उशाशी आहे, संकेश्वरजवळ वल्लभगड आहे, चंदगडच्या बाजूला महिपालगड आणि कलानिधीगड आहेत. बेळगावचा स्वतःचा किल्ला भुईकोट, सपाटीवर, भोवती खंदक, आत 1204 सालची कमल बसदी. परातीत करायला हाच सर्वांत सोपा: एक गोल तट, भोवती बोटाने ओढलेला खंदक, त्यात पाणी. पाणी मुरून जातं आणि ते का मुरतं हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं. अशा वेळी उत्तर देण्याआधी त्याच्या हाती काळ्या मातीचा एक गोळा द्यावा आणि खंदकाला आतून लिंपून बघायला सांगावं.

अलीकडे किल्ल्यांच्या स्पर्धा मोठ्या झाल्या आहेत. प्रतिकृती इतक्या हुबेहूब असतात की त्यांना महिनाभर तरुण मंडळी राबतात, रंग-प्लास्टर लागतं, रोषणाई असते. त्या कलेचा मला अभिमान आहे. पण त्या किल्ल्याशेजारी लहान मुलं हात मागे बांधून उभी असतात, कारण 'हात लावू नको' असं त्यांना सांगितलेलं असतं. बेळगाव, निपाणी, खानापुरातल्या मंडळांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना म्हणून विनंती आहे: यंदा आठ वर्षांखालच्या मुलांसाठी एक वेगळा गट ठेवा. जागा दोन हात बाय दोन हात, साहित्य फक्त माती, दगड आणि अळीव, वेळ एक सकाळ, आणि मोठ्यांना आत यायची बंदी. पहिला-दुसरा नंबर काढू नका, प्रत्येकाला मूठभर फराळ द्या. मंडळाला त्यासाठी खर्च येणार आहे तो ट्रॅक्टरभर मातीचा.